दख्खनच्या राणीची डायनिंग कार: चीज टोस्ट, कटलेट आणि माझी पहिली कादंबरी

सोमवारी सकाळी ७.१५ च्या डेक्कन क्वीनने मुंबई, शुक्रवारी संध्याकाळी ५.१० च्या डेक्कन क्वीनने पुणे. फोर्टातल्या बँकेत बदली झाल्यापासून गेली चार वर्षं माझा आठवडा असाच चाललाय. या गाडीच्या डायनिंग कारबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. गेल्या शुक्रवारी माझ्या कादंबरीचं बारावं प्रकरण लिहून झालं आणि मागे वळून बघितलं, तर बारांपैकी नऊ प्रकरणांचं मूळ या एका डब्यात निघालं. म्हणून हा अभिप्राय.

कादंबरी प्रेमाची आहे आणि विनोदी आहे. दोन वर्षांपूर्वी नायक-नायिकेची नावं, नोकऱ्या, तिच्या अंगणातला पारिजातक, त्याची जुनी स्कूटर, सगळं ठरलं होतं. पण दोघांना समोरासमोर आणलं, की तिसऱ्या वाक्याला ती आपापल्या घरी निघून जायची. अडीच हजार रुपये भरून एक ऑनलाइन कार्यशाळा केली. तिथे एक तक्ता हातात आला: कितव्या पानावर भेट, कितव्यावर भांडण, कितव्यावर पावसात माफी. मी तो मन लावून भरला. त्यातलं एकही पान वाचताना हसू आलं नाही.

मग एका शुक्रवारी कल्याण मागे पडल्यावर मी डायनिंग कारमध्ये गेले. जून २०२२ मध्ये गाडीला नवे एलएचबी (जर्मन रचनेचे आधुनिक) डबे लागले, तेव्हापासून इथे ४० जणांची बसायची सोय आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, बाजूला खिडकी, आणि हातात ऑर्डरचा कागद घेऊन हेलकाव्यांतही तोल सांभाळत फिरणारे वेटर. टेबल राखून ठेवता येत नाही. जागा मिळेल तिथे, अनोळखी माणसासमोर बसायचं. आणि एकदा ऑर्डर दिली, की बशी येईपर्यंत उठून जाता येत नाही.

त्या दिवशी पलीकडच्या टेबलावर साधारण तिशीची एक बाई आणि तेवढ्याच वयाचा एक माणूस बसले होते. ओळख नव्हती. दोघांनी चीज टोस्ट मागवले होते आणि आधी एकच बशी आली. तो म्हणाला, “तुम्ही घ्या.” ती म्हणाली, “नाही नाही, तुम्ही आधी सांगितलं होतं.” हे इतका वेळ चाललं, की टोस्ट निवून गेले. मग वेटर दुसरी बशी घेऊन आला. वाफाळती. आता ती दोघांनाही हवी होती आणि दोघंही पुन्हा म्हणाली, “तुम्ही घ्या.” शेवटी वेटरनेच दोन्ही बशा मधोमध ठेवल्या, एक गरम, एक गार, आणि तो निघून गेला. त्यांनी दोन्हींतलं निम्मंनिम्मं खाल्लं, आणि खाताना पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं.

मी तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. माझे नायक-नायिका इतके दिवस का पळत होते ते तिथे कळलं. मी त्यांना बागेत, टेकडीवर, कुठूनही सहज निघता येईल अशा ठिकाणी भेटवत होते. या गोष्टीला टेबल छोटं लागतं आणि वेळ मोजका. डेक्कन क्वीन सव्वातीन तासांत पुण्याला पोचते. तेवढ्यात जे बोलायचं ते बोलून व्हायला हवं.

त्यातही कर्जत ते लोणावळा हा टप्पा माझा सर्वांत आवडता. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर मागून रेटणारी जादा इंजिनं लागतात, कारण भोर घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडी हळू होते. ठाकूरवाडी, मंकी हिल, बोगद्यामागून बोगदा. बोगदा आला की बोलणं तुटतं, खिडकीच्या काचेत समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि बाहेर पडल्यावर तेच वाक्य वेगळ्या सुरात पुन्हा सुरू होतं. हे मी कितीतरी शुक्रवार ऐकलंय. माझं सातवं प्रकरण पूर्ण याच लयीत आहे. मागून रेटणाऱ्या इंजिनांवरून मला नायिकेची मावशी सुचली. तीही चढ असेल तेवढाच वेळ बरोबर असते, आणि लोणावळ्याला सुटते.

ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. दर १ जूनला पुणे स्टेशनावर प्रवासी तिचा वाढदिवस करतात, केक कापतात. पासवाल्या काकांना एकदा विचारलं, इतकी वर्षं हीच गाडी का? ते म्हणाले, “हिच्यात बसलं की घरी पोचल्यासारखं वाटतं, म्हणजे घर तीन तास आधीच सुरू होतं.” ते वाक्य त्यांच्या परवानगीने नायकाच्या वडिलांना दिलंय.

खाण्याचं सांगते. चीज टोस्ट पहिल्या नंबरवर: कडा कुरकुरीत, मधे चीज मऊ. आल्या आल्या खावेत. कटलेट चांगलं. सकाळच्या गाडीला ऑम्लेट आणि चहा. त्या वेळी लिखाण नको, कारण सगळे ऑफिसच्या विचारात असतात आणि कुणी फारसं बोलत नाही. लिहिणाऱ्याने संध्याकाळी जावं. लॅपटॉप नेऊ नये, टेबलावर बशांनाच जागा लागते. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल पुरे. घाटात पेनाच्या रेघा भरकटतात. आणि कानावर आलेलं खाजगी काही असेल, तर ते तिथेच सोडावं. मी माणसांच्या सवयी घेते, कहाण्या घेत नाही.

तेरावं प्रकरण शिवाजीनगर ते पुणे स्टेशन या शेवटच्या तुकड्यात घडतं. ती नेहमी शिवाजीनगरला उतरते, तो पुण्याला. या वेळी ती उतरत नाही. त्यानंतर दोघांतलं आधी कोण बोलतं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. या शुक्रवारी ५.१० ला पुन्हा जातेय, गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसेन.