गारपिटीनंतर ट्रेलरच्या टपावर: इटर्नाबाँड टेपचा एक वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला गारा पडल्या तेव्हा आमचा २४ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घराशेजारी उघड्यावर उभा होता. जेमतेम दहा मिनिटं, पण गारा आवळ्याएवढ्या. कोलोरॅडो, वायोमिंग आणि नेब्रास्का मिळतात त्या पट्ट्याला इथे ‘हेल ॲली’च (गारांची गल्ली) म्हणतात, आणि आम्ही त्यातच राहतो.

सकाळी शिडी लावून टपावर चढले. टपावरच्या रबराच्या आवरणावर गोल गोल काळपट ठिपके पाहून पोटात गोळा आला. हात फिरवल्यावर कळलं, ते खड्डे नव्हतेच. हे ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर जुनं झालं की त्यावर पांढरी भुकटी धरते. गारांनी ती भुकटी तेवढी उडवली होती. रबर कुठेही फाटलं नव्हतं. मार बसला होता तो प्लास्टिकला: दोन्ही व्हेंटची (हवेच्या झरोक्यांची) झाकणं फुटलेली, न्हाणीवरच्या स्कायलाईटला आरपार तडा, एसीच्या जाळीच्या पत्र्या दबलेल्या. आणि मुख्य म्हणजे पुढच्या सांध्यावरचं जुनं, कडक झालेलं सीलंट (फटी बुजवायचा लेप) जागोजागी तडकलेलं. पाणी शिरतं ते इथून. एकदा खालचं प्लायवूड कुजलं की रबर शाबूत असून उपयोग नाही.

माझं माहेर निफाडचं. २०१४च्या गारपिटीत बाबांची काढणीला आलेली द्राक्षबाग गेली, तरी पंचनामा होईपर्यंत त्यांनी एक घड हलवू दिला नव्हता. मीही तेच केलं. प्रत्येक तड्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढले, वर ताडपत्री बांधली आणि विमा कंपनीच्या माणसाची वाट पाहिली. एका दुरुस्तीवाल्याने मात्र फोनवर फोटो पाहूनच अख्खं रबर बदला म्हणून सांगितलं. वर चढून बघायचीही तसदी घेतली नाही, याचा मला अजून राग आहे. विम्यात झाकणं आणि स्कायलाईट बसलं. सांध्याचं काम मी स्वतः करायचं ठरवलं.

त्यासाठी इटर्नाबाँडची पांढरी, गळती रोखायची चिकट टेप आणली, ४ इंच रुंद, ५० फुटांचा रोल. स्वस्त नाही. पण ही टेप म्हणजे काय ते आधी समजून घ्या: चिकटली की चिकटली. उचलून सरळ करू म्हणाल तर होणार नाही, उलट खालचं रबर सोलून येईल. म्हणून आधी कोरडी लावून बघा, पेन्सिलने रेघ मारा, मागचा कागद वीतभर सोलत पुढे सरका. एकटीने करू नये. कागद ओढायला आमचे सासरे शिडीवर उभे होते, त्यांच्यामुळे १८ फुटांत चुणी पडली ती एकच.

टेप लावायला एक तास लागला, साफसफाईला पूर्ण शनिवार. आधीच्या मालकाने सांध्यावर सिलिकॉन फासलं होतं, आणि सिलिकॉनवर काहीच धरत नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, लोखंडी पट्टीने रबर कापलं जातं. मग भांड्यांचा साबण आणि पाणी, फडक्यावर काळं-पांढरं येणं थांबेपर्यंत. पेट्रोल, थिनर यांतलं काही वापरू नका, रबर फुगतं. पूर्ण वाळल्यावर टेप, आणि तिच्यावर छोटा रोलर अंगाचा जोर देऊन फिरवायचा. हे हाताच्या दाबावर सोडू नका. टपावर गुडघे टेकायचे तिथे प्लायवूडची फळी घाला, म्हणजे भार पसरतो.

गोल पाइपाभोवती ही टेप नीट वळत नाही. तिथे आणि नव्या व्हेंटच्या स्क्रूंवर मी डायकोर कंपनीचं आपोआप सपाट होणारं सीलंट घातलं. व्हेंटच्या कडेखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लागतेच, वरून कितीही सीलंट ओतलं तरी तिची जागा भरून निघत नाही. आणि हे पातळ सीलंट उभ्या बाजूला वापरू नका, ओघळतं. त्यासाठी न ओघळणारं वेगळं मिळतं.

त्यानंतर एक हिवाळा गेला, बर्फ साठला, वितळला, या मे महिन्यात पुन्हा बोराएवढ्या गारा झाल्या. टेपच्या कडा जशाच्या तशा आहेत. न्हाणीतल्या कपाटात मी पांढरा कागद पसरून ठेवला होता, त्यावर एक डाग नाही. त्या एका चुणीच्या तोंडाशी मात्र धूळ बसू लागली होती, तिच्यावर हातभर टेप आडवी मारली. उरलेला रोल आता ट्रेलरमध्येच असतो, रोलर आणि फडक्यासकट.