जपानी गोड आणि खारं: काय तिथेच खायचं, काय घरी आणायचं

जपानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात मिठायांची दुकानं ओळीने लागलेली असतात. पहिल्यांदा जाणारा माणूस दिसायला सर्वांत देखणं ते उचलतो, बॅगेत भरतो आणि मुंबईला उतरून डबा उघडतो तेव्हा आतला मऊसूत गोळा चिवट झालेला असतो. मिठाई वाईट नसते. ती त्याच दिवशी खायची होती.

म्हणून निवड करताना चवीआधी ओलावा बघा. जपानी मिठाईला ‘वागाशी’ म्हणतात आणि तिची मूळ वर्गवारीच पाण्याच्या प्रमाणावर आहे. ३० टक्के किंवा जास्त पाणी असेल तर ‘नामागाशी’, १० ते ३० टक्के असेल तर ‘हान-नामागाशी’ आणि १० टक्क्यांच्या आत असेल तर ‘हिगाशी’. पहिली दुकानाजवळच संपवायची, दुसरी प्रवासात काही दिवस निभावते, तिसरी दिवाळीपर्यंत ठेवली तरी चालते.

दुसरी गोष्ट आंको. बऱ्याच वागाशींच्या पोटात हेच सारण असतं. अझुकी नावाचे लाल दाणे (आपल्या मूग, उडीद, चवळीच्या कुळातलेच) शिजवून साखरेत आटवले की आंको होतं. डाळीचं गोड म्हटल्यावर युरोपीय माणूस बिचकतो. पुरणावर वाढलेल्याला त्यात नवल नाही. पण पुरणाची अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल, कारण त्यात वेलची नाही, जायफळ नाही, तूप नाही. पहिला घास सपक लागतो, तिसऱ्या घासाला दाण्याची स्वतःची चव कळायला लागते. सालासकट ठेवलेलं ते ‘त्सुबुआन’ आणि पुरणासारखं गाळून साली काढलेलं ते ‘कोशिआन’. पुरणात डाळीची कणीही न चालणाऱ्यांनी कोशिआन मागावं. पांढऱ्या घेवड्याचं ‘शिरोआन’ आणखी सौम्य असतं.

दाइफुकु की दोरायाकी?

दोन्हींत आंको, पण कवच वेगळं. दाइफुकुचं कवच मोचीचं, म्हणजे चिकट तांदूळ वाफवून कुटलेल्या लगद्याचं. दोरायाकीत मैदा, अंडं, साखर आणि बहुधा मधाच्या दोन मऊ चकत्यांमध्ये आंको भरलेलं असतं. कार्टूनमधल्या निळ्या मांजरामुळे आपल्या घरातल्या पोरांना ते आधीच ठाऊक आहे. टोकियोच्या उएनो भागातलं १९१३ सालचं ‘उसागिया’ त्यासाठी प्रसिद्ध आहे.

अंडं चालत नसेल तर प्रश्न मिटला, साधं दाइफुकु घ्या. चालत असेल तर लांबच्या प्रवासाला दोरायाकी बरं, ते बंद पाकिटात काही दिवस टिकतं. चांगलं दाइफुकु मात्र सकाळी करून त्याच दिवशी विकायची वस्तू आहे. क्योतोतल्या ‘देमाची फुताबा’ या १८९९ सालच्या दुकानापुढे खारट लाल वाटाणे घातलेल्या मामेमोचीसाठी रांग लागते ती याच ताजेपणासाठी.

मोची कडक का होते? शिजलेल्या भातातला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो आणि हे शून्य ते पाच अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने घडतं. म्हणजे फ्रिज हीच तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा. ठेवायचीच असेल तर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि खायच्या आधी बाहेर काढा. सुपरमार्केटमधलं दाइफुकु दिवसेंदिवस मऊ राहतं, कारण त्यात साखर जास्त असते आणि बरेचदा मऊपणा टिकवणारे घटक घातलेले असतात. चवीत तो फरक कळतो.

घरी करायचं तर फसगत पिठापाशी होते. उकडीच्या मोदकाची तांदळाची पिठी इथे कामाची नाही. तिची पारी वळते, पण ताणली की तुटते. लागतं ते चिकट तांदळाचं पीठ, जपानी नाव ‘शिरातामाको’ किंवा ‘मोचिको’. आशियाई किराण्यात ते ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ म्हणून मिळतं. नावात ‘ग्लुटिनस’ असलं तरी त्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं. १०० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम साखर आणि दीडशे मिलीच्या आत पाणी एकत्र करा, ६०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवा, ढवळा, पुन्हा मिनिटभर ठेवा. पांढरा दुधी रंग जाऊन गोळा अर्धपारदर्शक दिसला की झालं. मध्ये पांढरे ठिपके उरले तर ते कच्चं पीठ आहे, आणखी अर्धा मिनिट द्या. मग कॉर्नफ्लोअर पसरलेल्या ताटात काढायचं; नुसत्या हाताने धराल तर बोटं सुटणार नाहीत. आंकोसाठी दाणे एकदा उकळून ते पाणी फेका, तुरटपणा तिथेच जातो. नंतर तासभर मंद आचेवर, दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवा आणि मगच साखर घाला. आधी घातलीत तर दाणे कितीही शिजवले तरी टणकच राहतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना मोची देताना जपा. जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत ती घशात अडकून माणसं दगावतात आणि टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी त्याबद्दल बजावतं. बारीक तुकडे करा, आधी घोटभर चहा पाजा, खाताना एकटं सोडू नका.

काडीवरचं, वाटीतलं आणि साच्यातलं

मितराशी दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या काडीला लावून भाजायच्या आणि वर सोया सॉस-साखरेचा दाट पाक ओतायचा. गोड-खारट एकत्र आवडत असेल तर हेच. क्योतोच्या शिमोगामो देवळाशी त्याची मूळकथा जोडलेली आहे. वाराबीमोची नाव सांगते तशी मोची नाहीच. ती एका नेच्याच्या मुळांतल्या स्टार्चची, थरथरणारी, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात (किनाको) घोळवलेली आणि वर काळ्या साखरेचा पाक. खरं वाराबी पीठ महाग असल्याने बाजारातली बहुतेक वाराबीमोची रताळ्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची असते. अस्सलचा रंग काळपट असतो. उन्हाळ्यात गेलात तर ही, थंडीत दांगो.

ताइयाकी हा माशाच्या आकाराचा, आंको भरलेला मैद्याचा पदार्थ. नावात मासा असला तरी पोटात मासा नसतो. टोकियोच्या अझाबु-जुबानमधलं ‘नानिवाया सोहोनतेन’ १९०९ पासून तो विकतंय. दुकान निवडताना साचा बघा. एकेका माशाचा लांब दांड्याचा लोखंडी चिमटा असेल तर जपानी लोक त्याला गमतीने ‘नैसर्गिक’ म्हणतात, आणि एका तव्यावर अनेक मासे एकदम होत असतील तर ‘पाळीव’. चिमट्यातल्याची साल पातळ आणि कुरकुरीत होते, कडेला जळकट झालर येते. कागदी पिशवीचं तोंड बंद केलंत तर पाच मिनिटांत वाफेने साल मऊ पडते, तेव्हा उघडंच धरा. पिठात अंडं असेल-नसेल, दुकानागणिक बदलतं. ‘तामागो’ (अंडं) हा शब्द वापरून विचारा.

घरी आणायला: योकान आणि कासुतेरा

शाकाहारी घरासाठी एकच वस्तू निवडायची झाली तर योकान घ्या. आंको, साखर आणि कानतेन, बस. कानतेन म्हणजे समुद्री शेवाळापासूनचं आगर, आपल्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं तेच. जिलेटिनची जेली तिशीच्या तापमानाला पाघळते. आगर एकदा बसलं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या मुंबईतही योकानची वडी वडीच राहते. बंद पाकिटात ती साधारण वर्षभर टिकते. आपत्कालीन साठ्यासाठी ५ वर्षं टिकणारा योकानही जपानमध्ये विकला जातो. ‘तोराया’ हे या धंद्यातलं जुनं घराणं, मूळ क्योतोचं. १८६९ मध्ये सम्राटाच्या दरबारापाठोपाठ टोकियोला आलं. त्यांच्या ५० ग्रॅमच्या छोट्या वड्या वाटायला सोयीच्या. पूर्ण लादी घेतलीत तर सेंटिमीटरभर जाडीचे काप करा, त्याहून जाड काप संपत नाही.

‘मिझु-योकान’ हा त्याचा उन्हाळी, जास्त पाण्याचा भाऊ. घरी करून बघायला हाच सोपा: ४ ग्रॅम आगर पावडर, अर्धा लिटर पाणी, अर्धा किलो गोड आंको. आगर पूर्ण दोन मिनिटं खळखळ उकळायलाच हवं, नाहीतर वडी बसत नाही. आंको घातल्यावर गरम गरम ओतू नका. भांडं पाण्यात ठेवून ढवळत ४५-५० अंशांपर्यंत निववा. घाई केली की डाळ तळाला आणि वर पाणचट थर अशी दुमजली वडी मिळते.

कासुतेरा वेगळ्या वाटेने आला. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. १५७१ पासून ते बंदर त्यांच्यासाठी खुलं झालं. त्यांच्याकडून शिकलेला हा अंड्याचा केक जपान्यांनी आपलासा केला. त्यात लोणी नाही, तेल नाही. अंडी, साखर, पीठ आणि माल्टचा पाक एवढंच, म्हणून ताजेपणी कोरडा वाटेल असं वाटतं पण एक दिवस मुरला की दमट होतो. नागासाकीतलं ‘फुकुसाया’ १६२४ पासूनचं. तळाला जाड साखरेचे दाणे दाताखाली येतात ते मुद्दामच ठेवलेले असतात. कागद हळूच सोला, नाहीतर तेच त्याला चिकटून जातात. दुधाच्या चहासोबत योकानपेक्षा कासुतेरा जास्त जुळतो, कडू हिरव्या चहासोबत उलट.

साखरेचे दाणे

कोनपेइतो हातात घेतल्यावर मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही: हा संक्रांतीचा काटेरी हलवाच. शब्द पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आला. लुईश फ्रॉइश या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराला काचेच्या बाटलीतून तो भेट दिला होता. कृतीही ओळखीची. पूर्वी खसखशीचा किंवा तिळाचा दाणा, आता बहुधा साखरेचा, तिरप्या तापलेल्या कढईत फिरत ठेवायचा आणि वर थोडा थोडा पाक सोडायचा. फरक वेळेचा: कोनपेइतोला दोन आठवडे किंवा जास्त लागतात. क्योतोत ‘र्योकुजुआन शिमिझु’ १८४७ पासून फक्त हेच करतं.

त्याच्या शेजारी ‘वासानबोन’ ठेवा. शिकोकु बेटावरच्या कागावा आणि तोकुशिमामधली ही अतिबारीक साखर लाकडी साच्यात दाबून फुलापानांच्या वड्या करतात. जिभेवर ठेवली की चावायच्या आत विरते. मुलांसाठी कोनपेइतो, साखरेच्या चवीतले बारकावे जोखणाऱ्या पाहुण्यासाठी वासानबोन. दोन्हींना हवेतल्या दमटपणापासून जपा, पावसाळ्यात तर हवाबंद डब्यातच.

खारं

सेनबेई साध्या तांदळाची, कडक आणि खमंग. ओकाकी आणि अरारे चिकट तांदळाची, फुगलेली, हलकी. दात कमकुवत असतील तर दुसरी. टोकियोजवळच्या सोका गावची सोया सॉस लावलेली सेनबेई मोडताना टणकन आवाज येतो, तीच तिची परीक्षा. ‘काकी नो ताने’ म्हणजे निगाताकडची तिखट, चंद्रकोरीच्या आकाराची अरारे, बहुधा शेंगदाण्यांसोबत. आपल्या चिवड्याच्या सर्वांत जवळ जाणारी. कारिंतो तर काळ्या साखरेत घोळवलेले गुळाचे शंकरपाळेच समजा.

इथे शाकाहारी माणसाने सावध राहावं. तांदळाचा पदार्थ म्हणून निर्धास्त उचललेल्या पाकिटात कात्सुओ माशाचा अर्क असू शकतो, ‘कात्सुओ एकिसु’ या नावाने. जपानी कायद्यात कोळंबी आणि खेकडा ही ॲलर्जीची माहिती म्हणून छापणं बंधनकारक आहे, अंडं, दूध, गहू, शेंगदाणे यांच्यासोबत. कात्सुओ त्या यादीत नाही. म्हणजे ठळक चौकटीत मासा दिसला नाही म्हणून तो नाही असं होत नाही. घटकांची पूर्ण यादी फोनच्या भाषांतर ॲपने वाचा आणि ‘झेराचिन’ (जिलेटिन), ‘रादो’ (डुकराची चरबी) हे शब्दही शोधा. गहू टाळणाऱ्यांसाठी दुसरा सापळा: सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे तांदळाची सेनबेई ग्लुटेनमुक्त धरू नका. कॅल्बी कंपनीची ‘कप्पा एबिसेन’ (१९६४) कोळंबीचीच आहे. ‘उमाइबो’ (१९७९) ही मक्याची फुगीर नळी वर्षानुवर्षं १० येनाला मिळायची, आता १५ झाली. चवीगणिक घटक बदलतात.

ऑफिसात वाटायला

‘टोकियो बनाना’ (१९९१) की ‘शिरोइ कोइबितो’ (१९७६, साप्पोरो)? पहिला केळ्याच्या कस्टर्डचा मऊ केक, जेमतेम आठवडाभराचा. दुसरं पातळ बिस्किटांत पांढरं चॉकलेट, महिन्यांच्या हिशोबाने टिकणारं. दोन्हींत अंडं आणि दूध आहे. परतीच्या दिवशी विमानतळावर घेऊन दुसऱ्याच दिवशी वाटणार असाल तर बनाना, नाहीतर कोइबितो. पण मार्च ते जूनमध्ये चॉकलेट बिस्किटांना चिकटून येईल हे गृहीत धरा. अंडं न खाणारे सहकारी असतील तर क्योतोची ‘नामा यात्सुहाशी’ घ्या: तांदळाच्या पिठाची त्रिकोणी घडी, आत आंको, दालचिनीचा वास. टिकते आठवडा-दहा दिवस, तारीख डब्यावर असते.

दुकानात बसून खाल्लंत तर कर १० टक्के, बांधून नेलंत तर ८. आंकोचं काही पहिल्यांदाच चाखत असाल तर एक नग घ्या आणि साखर न घातलेला हिरवा चहा सोबत मागा. नुसत्या पाण्याबरोबर ते नुसतं गोड लागतं.