इन्स्टॉलर चालवण्याआधी सेव्हन-झिपमध्ये उघडा

नौपाड्यातल्या दुकानदारांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर आलं की त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी फाइल, आधी सेव्हन-झिप या दाबून बांधलेल्या फाइल्स उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडते, मगच चालवते. परवा असंच राइट-क्लिक करून 'ओपन आर्काइव्ह' केलं. आत प्लगिन्सडिर नावाचं फोल्डर दिसलं, म्हणजे पॅकेज एनएसआयएस या इन्स्टॉलर बनवायच्या साधनावर बांधलेलं. गाणी वाजवणाऱ्या विनअ‍ॅम्पवाल्या नलसॉफ्ट कंपनीने काढलेलं तेच साधन. आणि त्याच्याच खाली भलत्याच कंपनीच्या ब्राउझर टूलबारची एक्झी, म्हणजे चालवायची फाइल! दुकानदाराने बिलिंगचे पैसे मोजलेत, हे का घ्यावं त्याने? तिथेच थांबवलं. इनो सेटअप या अशाच दुसऱ्या साधनावर बांधलेल्या पॅकेजच्या आतल्या फाइल्स मात्र सेव्हन-झिप दाखवत नाही, तिथे इनोएक्स्ट्रॅक्ट हा वेगळा प्रोग्राम लागतो. सेव्हन-झिप दिसायला जुनाट आहे खरं, पण १९९९ पासून फुकट मिळतंय. प्रत्येक दुकानात मी हे टाकतेच.