माया संस्कृती शिकायला मुक्काम कुठे: मेरिदा की सान क्रिस्तोबाल?

कॉलेजच्या गटाला मेक्सिकोत न्यायचं, तर पुरातत्त्ववाल्यांना मी युकातानमधलं मेरिदा सुचवेन. समाजशास्त्र, भाषा, वस्त्रकला शिकणाऱ्यांनी मात्र चियापासच्या डोंगरातलं सान क्रिस्तोबालच निवडावं.

मेरिदा सोयीचं. चिचेन इत्सा आणि उश्माल ही जुनी माया नगरं दिवसात जाऊन येण्याजोगी. स्पॅनिशांनी १५४२ मध्ये माया नगरीवरच हे शहर वसवलं आणि तिथलेच दगड इमारतींना वापरले. दक्षिणेकडच्या मानी गावात १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. आज जगभरात अशा चारच पोथ्या उरल्यात. हे त्या जागी उभं राहून ऐकायला हवं. ऊन मात्र कडक.

सान क्रिस्तोबाल सुमारे २,२०० मीटर उंचीवर, थंड. अवशेष दूर, पालेंके या जुन्या माया नगरीचा घाटरस्ता दिवस खातो. युकातानातही माया भाषा जिवंत आहे, पण इथे बाजारात पाऊल टाकताच त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या माया भाषा कानावर पडतात. शेजारच्या चामुला गावातल्या चर्चमध्ये बाकं नाहीत. जमिनीवर पाइनची पानं, मेणबत्त्यांच्या ओळी, त्सोत्सिलमधल्या प्रार्थना. आत फोटोला सक्त मनाई आहे आणि विद्यार्थ्यांनी ती मनापासून पाळायलाच हवी. ती माणसं देवापुढे बसलेली असतात. सिनाकांतान गावात बायका कमरेला बांधलेल्या मागावर विणतात. १९९४ चा झापातिस्ता उठाव, म्हणजे इथल्या आदिवासी शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड, जमिनीच्या प्रश्नातून कसा पेटला, हेही इथे नीट उमगतं. त्यासाठी निदान आठवडाभर राहावं, आणि थोडी स्पॅनिश आधीच शिकून यावं.