लुआंटीत यंत्र चालवायचं: एबीएम, नोड टायमर की ग्लोबलस्टेप?

लुआंटी या ठोकळ्यांच्या जगाच्या गेम इंजिनसाठी (आधीचं नाव माइनटेस्ट) मॉडमध्ये, म्हणजे जोड-प्रोग्राममध्ये, भट्टी, पंप किंवा वाढणारं रोप लिहायला घेतलं की इंजिनची एक मर्यादा लगेच आडवी येते. नकाशा १६×१६×१६ नोडच्या (नोड म्हणजे जगातला एक ठोकळा) ब्लॉकांत विभागलेला असतो आणि फक्त खेळाडूच्या आसपासचे ब्लॉक जागे असतात. मूळ सेटिंगमध्ये ही हद्द ४ ब्लॉक, म्हणजे साधारण ६४ नोड. खेळाडू त्यापलीकडे गेला की यंत्र झोपतं. ते परत जागं झाल्यावर मधल्या वेळेचा हिशेब कसा लावायचा, यावरच निवड ठरते.

एबीएम (ॲक्टिव्ह ब्लॉक मॉडिफायर: जाग्या ब्लॉकांतल्या ठरावीक नोडवर ठरावीक अंतराने चालणारं फंक्शन) लिहायला सर्वांत सोपा: नोडचं नाव, इंटरव्हल (दर किती सेकंदांनी) आणि चान्स (सरासरी किती नोडमागे एकावर) दिला की झालं. गवत पसरवायला, शेवाळ चढवायला तोच घ्यावा. पण 'इंटरव्हल १, चान्स १' लावून यंत्रं हाकणारे मॉड अजूनही दिसतात, आणि दुखणं तिथेच आहे. सगळ्या एबीएमना मिळून दर फेरीला ठरावीक वेळ मिळतो. मूळ सेटिंगमध्ये १ सेकंदामागे ०.२ सेकंद. तो संपला की उरलेले ब्लॉक त्या फेरीत वगळले जातात. कॅच-अपवर, म्हणजे चुकलेला वेळ भरून काढायच्या एबीएमच्या सोयीवरही विसंबू नका. खेळाडू परतल्यावर तो चान्सचा आकडा तात्पुरता कमी करतो; आकडा आधीच १ असेल तर कमी काय करणार? दहा मिनिटांच्या गैरहजेरीचं काम एकाच फेरीइतकं होतं.

यंत्रासाठी नोड टायमर, म्हणजे एकेका नोडचं स्वतःचं घड्याळ, तोच बरा. ऑन-कन्स्ट्रक्टमध्ये (नोड बसवताना चालणारं फंक्शन) तो सुरू करायचा, आणि पुढे चालू ठेवायचा असेल तर ऑन-टायमरमधून (वेळ भरल्यावर चालणारं फंक्शन) ट्रू परत द्यायचं. टायमर ब्लॉकसोबतच सेव्ह होतो, आणि ब्लॉक जागा झाल्यावर ऑन-टायमरला झालेला एकूण वेळ मिळतो. १ सेकंदाचा टायमर, ६०० सेकंदांनी परतलेला खेळाडू: कॉल एकच, पण हाती ६०० चा आकडा. तो लूपमध्ये खर्च करा. दर फेरीला उरलेलं इंधन आणि पदार्थ शिजायला उरलेला वेळ यांतला लहान आकडा घ्या, तेवढा वजा करा, मग पुढची फेरी. पूर्ण ६०० एकदम वजा केले तर इंधन संपल्यावरही भट्टी पदार्थ शिजवत राहते.

इथली खोच वेगळी आहे. मॅपजेनने (नकाशा तयार करणारा भाग) किंवा व्हॉक्सेलमॅनिपने (एकदम बरेच नोड बदलायचं साधन) बसवलेल्या नोडवर ऑन-कन्स्ट्रक्ट चालतच नाही, म्हणून टायमर सुरू होत नाही. उपाय म्हणून ब्लॉकच्या प्रत्येक लोडला चालणारा एलबीएम (लोडिंग ब्लॉक मॉडिफायर) लावा आणि टायमर बंद असेल तरच सुरू करा. चालू टायमर पुन्हा सुरू केला तर साचलेला वेळ पुसला जातो.

ग्लोबलस्टेप हे कुठल्याही नोडला न बांधलेलं फंक्शन सर्व्हरच्या प्रत्येक स्टेपला चालतं, मूळ सेटिंगमध्ये सुमारे ०.०९ सेकंदांनी. तारांचं किंवा पाइपांचं जाळं एकत्र मोजायचं असेल तर पर्याय हाच. फक्त यंत्रांच्या जागांची यादी तुम्हालाच मॉड स्टोरेजमध्ये सांभाळावी लागते. लोड न झालेल्या जागी गेट-नोड (त्या जागी कोणता नोड आहे ते सांगणारं फंक्शन) 'इग्नोर' देतो; त्याला 'यंत्र मोडलं' समजून नोंद पुसू नका. उलट, व्हॉक्सेलमॅनिपने पुसलेल्या नोडवर ऑन-डिस्ट्रक्ट (नोड काढताना चालणारं फंक्शन) चालत नाही, म्हणून भुताटकी नोंदी उरतात. त्यासाठी नोड लोड असताना नाव तपासून यादी साफ करत राहा.

फोर्सलोडने खेळाडू जवळ नसतानाही ब्लॉक जागता ठेवता येतो, पण मूळ मर्यादा १६ ब्लॉकांची आहे आणि ती सगळ्या मॉडमध्ये वाटली जाते. एखाद्या मुख्य यंत्रापुरता ठीक, प्रत्येक भट्टीसाठी नाही.