तालुक्याचं पोस्ट की ओसरीवरचं?
तालुक्याचं पोस्ट म्हणजे खात्याची इमारत: जाड भिंती, जाळीची खिडकी, आतून शिक्क्याची ठपठप. १८८० मध्ये मनीऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक सुरू झाली. पैसा आला की तिजोरी अन् गज आलेच.

गावचं शाखा डाकघर वेगळंच. तिथं जागेची सोय ग्रामीण डाक सेवकानंच, म्हणजे गावच्या पोस्टमास्तरानंच करायची. म्हणून आमच्याकडे ते ओसरीवर: सागवानी खांबाला लाल पेटी, शेजारी कापसाचे गाठोडे, लोखंडी ट्रंकेत तिकिटं. मास्तर बदलले की पोस्टाचं घरही बदलतं. आमच्या म्हाताऱ्यांना पोस्टाचा इतिहास विचारा, ते घरंच मोजतात.

टिकाऊपणात तालुका जिंकतो, वाद नाही. पण तिथं रांगेत उभं राहा; ओसरीवर आधी पाणी, मग अंगठा. मला ओसरीच बरी वाटते, पावसात गळते तरी.