शोपँ की चायकोव्हस्की: निराशेचे दोन सूर

पोलिश संगीतकार शोपँचं ई मायनर प्रील्यूड (ओपस २८, क्र. ४), म्हणजे पियानोसाठीची छोटी रचना, जेमतेम दोन-अडीच मिनिटांचं. छापून आलं १८३९ मध्ये. उजवा हात सुरुवातीला दोनच सुरांत घुटमळतो; खरं काम डाव्या हाताचं. तिथले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकसारख्या ठोक्यात वाजत राहतात आणि त्यातला कधी हा, कधी तो सूर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. सगळे एकदम नाही. त्यामुळे पाय कुठे टेकावा तेच कळत नाही. मध्ये एकदाच आवाज चढतो, लगेच विरतो. १८४९ मध्ये पॅरिसला शोपँच्याच अंत्यविधीत हे ऑर्गनवर वाजवलं गेलं.

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा (सिंफनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) शेवटचा भाग उघडउघड आक्रोश करतो. गंमत म्हणजे सुरुवातीची धून व्हायोलिनच्या दोन गटांपैकी कुठल्याच गटाकडे पूर्ण नाही. एक सूर पहिल्या गटाचा, पुढचा दुसऱ्याचा. जुळणी होते ती ऐकणाऱ्याच्या कानात! पीटर्सबर्गला ऑक्टोबर १८९३ मध्ये त्याने स्वतः ही सिंफनी सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. म्हणून हिला मृत्युपत्र ठरवायची अनेकांना हौस. मला ते ओढूनताणून वाटतं.

माझा कौल शोपँला. तो गाऱ्हाणं मांडत नाही, म्हणून जास्त लागतो. चायकोव्हस्की ऐकायचा तर आधीच्या जोशिल्या तिसऱ्या भागापासून ऐका, नाहीतर कोसळणं कळणार नाही. आणि हेडफोन लावाच. शेवटचे चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.